कोरडा फेरा

भाऊ, काल तुमचं तेरावं झालं. पंगती उठल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं, फळीवरच्या डब्यातून तुमची शिट्टी काढली आणि माझ्या हातात ठेवली. सुतळी तीच, तुमच्या बोटाला गुंडाळून गुंडाळून काळी पडलेली. म्हणाल्या, "रविवारी लागल तुमाला. त्यांनी बोलून ठेवलं हाय, शिट्टी बाईंना द्या." नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण तेराव्याच्या घरात नको कसं म्हणायचं? शिरगावहून पालघर आणि पालघरहून बोईसर, सगळा रस्ता ती मी मुठीत धरून बसले होते. घरी येऊन मूठ उघडली तेव्हा तळहाताला गंजाचा वास येत होता.

आज गुरुवार. रविवारी तळ्यावर तालुक्यातल्या शाळांच्या पोहण्याच्या स्पर्धा आहेत आणि त्या पुढे ढकलायच्या नाहीत असं तुम्हीच बजावून गेलात. हेडमास्तरांनी सकाळी मला बोलावून विचारलं, "बाई, काशीभाऊ नाहीत. शर्यतींआधी मुलं अर्धा तास तळ्यात उतरवायची की या वर्षी ते बंदच करायचं? उद्या सकाळपर्यंत लिहून द्या." इतकंच विचारलं त्यांनी. पण सकाळपासून मी कोरा कागद चारदा समोर घेतला आणि चारदा घडी करून ठेवला. तुम्ही असतात तर हसला असतात. "बाई, स्पर्धा रविवारी हाय आनि तुमी गुरवारीच बुडाल्या?"

खरं सांगायचं तर मला शर्यतींची भीती कधीच वाटली नाही. शर्यतीत चार पोरं, चार दोरांमधून, एका दिशेने जातात. भीती वाटते ती आधीच्या त्या अर्ध्या तासाची. शंभरावर मुलं, पाच-सहा गावची, आणि तळ्यात सुंभाचे दोर बांधून तुम्ही केलेले चार पाट. वाडीत केळीच्या ओळींमधून पाणी खेळवतात त्याला पाट म्हणतात, म्हणून तळ्यातल्या त्या दोरांमधल्या जागेलाही तुम्ही पाटच म्हणायचात. तारापूरच्या वीजप्रकल्पावरचे साहेब वेळ मोजायला घड्याळ घेऊन यायचे, ते त्याला लेन म्हणायचे. तुम्ही मान डोलवायचात आणि पुन्हा पाटच म्हणायचात. एका पाटात आठ, एका वेळी बत्तीस. कुणी हातपाय मोकळे करतोय, कुणी श्वास बसवतोय, कुणी नुसता भावाला दाखवायला उतरलाय. त्या बत्तीस डोक्यांवर माझी नजर. पोहता न येणाऱ्या बाईची.

आठवतं ना, पहिल्या वर्षी तुम्ही मला काय विचारलंत ते? तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं, यांना तिथे नोकरी लागली आणि आम्ही कऱ्हाडकडचं बिऱ्हाड उचलून बोईसरला आलो. मला पालघरच्या शाळेत जागा मिळाली. तुम्ही शाळेचे कवायतीचे मास्तर, शिरगावचे, घरी वाडी आणि लहानपण सगळं खाडीत गेलेलं. मी ओळख करून द्यायला आले तर नमस्काराआधी प्रश्न, "बाई, पवता येतं?" मी म्हटलं, नाही, आणि मला पाण्याची भीती वाटते. मला वाटलं आता तुम्ही हसाल. तुम्ही उलट खूश झालात. "बरं हाय. पवनारा मानूस पान्याकडं बगतो. ज्याला पवता येत नाय तो पोरांकडं बगतो. तुमी मोजायचं." त्या दिवसापासून मी तुमची मोजणीदार झाले. तुम्ही शाळाभर तेच नाव केलंत आणि मी त्यावरून तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पण तुमची ती शिस्त बघून मला धीर यायचा, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मुलांनी पायरीवर बसून पाय आधी घालायचे, काठावरून कुणी सूर मारायचा नाही. सावकाश जाणारे पहिल्या पाटात, दमदार चौथ्यात, आणि कोण कुठल्या पाटातला ते तुम्ही ठरवणार, मुलाचे वडील ठरवणार नाहीत. जाताना आपल्या डाव्या हाताचा दोर धरून जायचं, येतानाही डाव्या हाताचाच. मागच्याला पुढे जायचं असेल तर पुढच्याच्या टाचेला एकदाच बोट लावायचं आणि काठ येईपर्यंत वाट बघायची. पुढच्याने काठाला लागलं की कोपऱ्यात सरकून त्याला जाऊ द्यायचं. "एकदाच," तुम्ही बोट वर करून सांगायचात. "दोनदा लावलं का भांडान झालं." एका मोठ्या वाडीवाल्याचा मुलगा, पोहायला वीज, कुणी टाचेला हात लावला की मागे लाथ मारायचा. तुम्ही त्याला ओरडला नाहीत. पहिल्या पाटात, सगळ्यात सावकाश पोरांच्या मागे, अर्धा तास सोडलात. बाहेर आला तेव्हा तो रडवेला झाला होता आणि त्यानंतर तो पोरगा कोपऱ्यात असा सरकायचा की बघत राहावं.

आणि एक नियम होता, तो मला सगळ्यात अवघड गेला. मध्ये पाण्यात असलेल्याला हाक मारायची नाही. मी काठावरून सारखी "नलू, नलू" करायचे. माझी नलू तेव्हा अकरा वर्षांची, तुमच्याकडे पोहायला शिकून वर्ष झालं होतं. तुम्ही एकदा वैतागून माझ्याजवळ आलात. "बाई, मानूस मदी असला का हाक मारायची नाय. हाक आयकली का तो वळून बगतो, दम तुटतो, तोंडात पानी जातं. काय बोलायचं ते काठाला लागल तवा बोला." मी म्हटलं, आणि काठाला लागलाच नाही तर? तुम्ही म्हणालात, "म्हनून तर तुमी मोजताय."

आता त्या दिवसाचं लिहायला हवं. तीन वर्षं मी त्याच्या भोवतीने गेले आहे.

तुम्ही मुलांना फेरा समजावायचात तो रहाटावरून. रहाटाचा बैल खांबाभोवती गोल फिरतो तसं पाटात फिरायचं, समोरासमोर यायचं नाही. शिरगाव, कोळगाव, इकडच्या वाड्यांमधल्या मुलांना तेवढं पुरायचं. त्यांनी तो बैल जन्मापासून पाहिलेला, खांब त्याच्या उजव्या हाताला. तसं फिरलं की डाव्या हाताचा दोर आपोआप धरला जातो. मी कऱ्हाडकडची. आमच्याकडे मोट. मोटेचे बैल उतारावरून पुढे जातात आणि पाय मागे टाकत परत येतात, गोल फिरतच नाहीत. रहाट मी इकडे आल्यावर एकदा दुरून पाहिला होता, तोही थांबलेला.

त्या वर्षी वरच्या बाजूच्या एका गावची शाळा पहिल्यांदाच आली. गाडीला उशीर झाला आणि मुलं धावत तळ्यावर पोचली तेव्हा अर्ध्या तासातली वीस मिनिटं उलटली होती. तुम्ही पलीकडच्या टोकाला छातीभर पाण्यात उभे राहून सुटलेला दोर बांधत होतात. तिथून ओरडून मला म्हणालात, "बाई, त्या पोरांना काठावर फेरा चालून दाखवा, मंग सोडा." मी ऐकलं, भाऊ. नीट ऐकलं. पण त्याच वेळी माझी मोजणी चालली होती, सव्वीस-सत्तावीसला आले होते आणि मोजणी मोडली की मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. मी मोजणी सोडली नाही. त्या नव्या मुलांना तोंडानेच म्हटलं, "रहाटाचा बैल बघितलाय ना? तसंच फिरायचं. तिसऱ्या पाटात शिरा." त्यांनी एका आवाजात "हो बाई" म्हटलं. बघितलाच होता त्यांनी.

त्यांच्या गावचा बैल उलटा फिरत होता. खांब डाव्या हाताला.

ती मुलं अगदी आज्ञाधारकपणे, सांगितलं तसं, उजव्या हाताच्या दोराने निघाली. तिसऱ्या पाटात आमची चार मुलं आधीच फेऱ्यात होती. त्यात नलू, पाठीवर पोहत, कारण तिची शर्यतच पाठीवरची होती. तिला आभाळ दिसत होतं, समोरचं काही नाही. नियम पाळणारी मुलगी, नियम पाळणारी मुलं, दोघं एकाच दोराला धरून एकमेकांकडे निघाली. आवाज झाला तो नारळावर नारळ आपटल्यासारखा, आणि मी आवाजाकडे न बघता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. मला तेवढंच येत होतं. एकतीस. पुन्हा एकतीस.

"भाऊ, एक कमी आहे." एवढंच बोलले मी. कोण कमी आहे ते मला बोलवेना. तुमची शिट्टी, सगळ्या मुलांनी झटकन दोर धरला, पाणी स्थिर झालं, आणि तुम्ही तिसऱ्या पाटात खाली गेलात. किती वेळ गेला ते साहेबांच्या हातातल्या घड्याळालाही कळलं नसेल, कारण ते दाबायचं विसरले होते. तुम्ही वर आलात ते नलूला घेऊन. कानाच्या वरून रक्त वाहत होतं. पायरीवर पालथी घातलीत, पाठीवर थापट्या मारल्यात, आणि ती खोकली.

साहेबांच्या जीपमधून आपण दवाखान्यात गेलो. चालवणारा कुठल्या तरी लांबच्या मुलुखातला होता, सारखं मागे वळून म्हणत होता, "बहनजी, घबराओ मत, साँस चल रही है." मला त्याचा राग येत होता, त्याने रस्त्याकडे बघावं असं वाटत होतं. कानावर पाच टाके पडले. आतून नलूचं रडणं ऐकू येत होतं आणि बाहेर बाकावर तुम्ही ओल्या चड्डीने बसला होतात, खाली पाण्याचं थारोळं. मी तुमच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तुमच्या त्या बैलापायी माझी मुलगी गेली असती."

तुम्ही मान वर करून बघितलंत, आणि खाली घातलीत. मला तेव्हाच माहीत होतं. बाकापाशी उभी असतानाच माहीत होतं की बैल तुमचा असला तरी पोरांना चालून दाखवायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नव्हतं. पण आईचा राग फार सोयीचा असतो, भाऊ, त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. मी त्या रागात जाऊन बसले.

शाळेत चौकशी झाली. हेडमास्तरांनी विचारलं, "नव्या मुलांना फेरा कुणी सांगितला?" खोलीत सात-आठ शिक्षक होते. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "चूक माजी हाय. मी बैल बोललो, बाजू बोललो नाय." हेडमास्तरांनी वहीत तसंच लिहिलं. तुमच्याकडची शिट्टी पुढच्या वर्षी दुसऱ्या मास्तरांकडे गेली. मी काही बोलले नाही. बाहेर आल्यावरही नाही, संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी जे बोलायला एक वाक्य पुरलं असतं त्याला महिन्याने दहा लागली असती, वर्षाने शंभर.

त्याऐवजी मी तुमच्याशी भांडत राहिले. हा सगळा प्रकारच बंद करा, म्हणायचे. कशाला हवं आधी पाण्यात उतरणं? शर्यत लावा, पोहा, घरी जा. नाहीतर एकेकाला सोडा. तुम्ही शेंगा सोलत शांतपणे सांगायचात, "दिवाळीतलं पानी गार. थंड अंगानं उतरला का पोटरीत गोळा येतो, मंग खरंच बुडल. आनि एकेकाला सोडला तर सोमवार उजाडल." मी म्हणायचे, उजाडू दे सोमवार. तुम्ही म्हणायचात, "बाई, तळं कुनाला एकट्याला भेटनार हाय? पोरांनी गर्दीत पवायला शिकायला नको?" मी म्हणायचे, माझ्या मुलीच्या डोक्यावर शिकायला नको. इथे तुम्ही गप्प व्हायचात. दर वेळी इथेच. मला वाटायचं मी जिंकले. आज विचार करते तर तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं आणि तुम्ही ते गिळत होतात.

शिट्टी नसलेल्या वर्षीही तुम्ही तळ्यावर आलात, पहाटे दोर बांधलेत, आणि काठावर माझ्या शेजारी उकिडवे बसून राहिलात. मी मोजत होते, तुम्हीही ओठांतल्या ओठांत मोजत होतात. आपला आकडा जुळला की तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात. त्या दिवशी मला सांगता आलं असतं. गर्दी होती, कुणी ऐकलं नसतं.

गेल्या वर्षी शिट्टी परत तुमच्याकडे आली. तोवर वाड्यांमध्ये रहाटांच्या जागी पाण्याची इंजिनं बसायला लागली होती. तुम्ही म्हणालात की आता पोरांनी बैल बघितलेलाच नसणार, तर त्याचं नावच काढायला नको. आणि तुम्ही कोरडा फेरा सुरू केलात. पाण्यात उतरण्याआधी सगळ्या शाळांच्या सगळ्या मुलांनी काठावर, जमिनीवर आखलेल्या पाटात, एकामागे एक चालून यायचं. टाचेला बोट लावून बघायचं, कोपऱ्यात सरकून बघायचं. आणि त्या रांगेच्या सगळ्यात पुढे तुम्ही मला उभं केलंत. "बाई पुडं. बाई चालतील तसं चाला." मुलं हसत होती, जाडी बाई पदर खोचून पाटात फेऱ्या मारते म्हणून. मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. मी तुमच्याकडे रागाने बघितलं होतं. तुम्ही हसत नव्हतात, पण मला ते दिसलं नाही.

यंदा दसऱ्याच्या सुमारास तुम्हाला कावीळ झाली आणि ती वाढतच गेली. मी भेटायला आले तेव्हा तुमचे डोळे हळदीसारखे झाले होते. वहिनी बाहेर गेल्या होत्या. मी खाटेजवळ बसले आणि ठरवून आले होते ते सुरू केलं. "भाऊ, त्या दिवशी तळ्यावर..." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. वाट बघत होतात, आता कळतं. मी म्हटलं, "त्या दिवशी तळ्यावर पाणी फार गार होतं, नाही?" तुम्ही डोळे मिटलेत. मग म्हणालात, "निगा बाई, गाडी चुकल तुमची." मी निघाले. गाडी यायला अजून पाऊण तास होता. एसटीच्या थांब्यावर मी तो सगळा काढला, आणि उठून परत तुमच्याकडे आले नाही.

हे झालं आजपर्यंतचं. आता आज संध्याकाळचं सांगते.

शाळेतून आले तर मला काही सुचेना. हेडमास्तरांच्या कागदावर "बंद करावे" एवढे दोन शब्द लिहिले की सुटले, असं शंभरदा मनात आलं. कुणी नाव ठेवलं नसतं. तुमच्या मागे मीच जिंकले असते. नलूने माझा चेहरा बघितला, काही विचारलं नाही, आणि अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या सोडून जमिनीवर समांतर टाकल्या. चौदाची झाली आता. कानावरचा वण केसांत झाकला जातो. "चल," म्हणाली, "रविवारी तुलाच पुढे चालायचंय ना, फेरा करून बघू."

मी चालायला लागले. डाव्या हाताची दोरी, तुळशीवृंदावनापर्यंत, वळून पुन्हा डाव्या हाताची. नलू मागे. शेजारणी कट्ट्यावर तांदूळ निवडत होत्या, त्यांनी निवडणं थांबवलं. दुसऱ्या फेऱ्यात नलूने वाकून माझ्या टाचेला बोट लावलं. एकदाच. मी वृंदावनापर्यंत गेले आणि कोपऱ्यात सरकून उभी राहिले. तिने पुढे जायला हवं होतं. ती गेली नाही, माझ्यासमोर उभी राहिली.

आणि मी सांगितलं, भाऊ. तुळशीपाशी, शेजारणींच्या समोर, दोन दोऱ्यांच्या मध्ये उभं राहून. म्हटलं, नलू, ती मुलं उलटी आली ते माझ्यामुळे. भाऊंनी चालून दाखवा म्हटलं होतं, मी दाखवलं नाही. तुला लागलं ते माझ्यामुळे, आणि शिट्टी भाऊंची गेली. शंभर वाक्यं लागतील असं वाटत होतं. तीनच लागली.

नलू म्हणाली, "मला माहीत आहे."

मी वृंदावनाच्या कट्ट्याला टेकले. ती शेजारी बसली. टाके निघाल्यावर दोन महिन्यांनी ती पुन्हा तुमच्याकडे पाण्यात उतरायला लागली तेव्हा तिने तुम्हाला विचारलं होतं की ती मुलं उलटी का आली. तुम्ही सांगितलंत, त्यांच्या गावचा बैल उलटा फिरतो. तिने विचारलं, मग त्यांना कुणी सांगितलं नाही? तुम्ही म्हणालात, "सांगनारीच्या गावात रहाटच नाय. मोट हाय." पोरगी हुशार, तिला कळलं. घरी गेल्यावर आईला विचारू का, म्हणाली. तुमचं उत्तर तिने मला तुमच्याच बोलीत म्हणून दाखवलं. आवाजही तसाच काढला. "विचारू नको. तुजी आय अजून मदी हाय. मदी असलेल्याला हाक मारायची नाय. काठाला लागल तवा तीच बोलल."

तीन वर्षं, भाऊ. तुम्हा दोघांना ठाऊक होतं आणि तुम्ही दोघं काठावर उभे राहून माझी वाट बघत होतात. मी दवाखान्यात ओरडले तेव्हा, तुमच्या शिट्टीशिवायच्या वर्षी शेजारी बसून मोजलं तेव्हा, त्या खाटेपाशी गार पाण्याबद्दल बोलले तेव्हा. तुम्ही एक शब्द काढला असतात तर मी मोडून गेले असते, तेही तुम्हाला कळलं होतं. म्हणून त्या कोरड्या फेऱ्यात मला पुढे चालवलंत. त्या दिवशी मी चालले नव्हते ते तुम्ही माझ्याकडून चालून घेतलंत, शंभर मुलांच्या पुढे, आणि मी तुमच्याकडे रागाने बघितलं. मला तुमचा राग येतोय आता, खरंच येतोय. एकदा तरी हाक मारायची होतीत. माझ्यासकट सगळ्यांचा दम तुम्हाला मोजता यायचा, मग तुमचा स्वतःचा किती उरलाय ते का नाही मोजलंत?

कागद लिहून झाला आहे, समोर पडलाय. हेडमास्तरांना लिहिलं आहे की मुलं अर्धा तास आधी पाण्यात उतरतील, एका पाटात आठ, कोरडा फेरा झाल्याशिवाय कुणीही पायरी उतरणार नाही, उशिरा आलेल्यांनीसुद्धा नाही, मग त्यांच्यासाठी शर्यत थांबवावी लागली तरी चालेल. खाली लिहिलं आहे की तीन वर्षांपूर्वीच्या वहीत काशीभाऊंच्या नावावर जी चूक लिहिली आहे ती माझी आहे, आणि ती वही उद्या माझ्यासमोर उघडून दुरुस्त करावी. नोकरीवर काही आलं तर येऊ दे. हे जेवताना म्हणाले, "एवढं कशाला लिहितेस, माणूस तर गेला." मी म्हटलं, म्हणूनच.

भीती गेलेली नाही. लिहिता लिहिता मी दोनदा उठून शिट्टी जागेवर आहे ना ते बघून आले. दोर झिजले असतील, नव्या शाळा येतील, गाडीला पुन्हा उशीर होईल, आकडा एकतीसवर अडकेल आणि त्या वेळी "भाऊ, एक कमी आहे" हे ऐकायला शेजारी कुणी नसेल. नलू म्हणते की पाण्यात ती असेल. म्हणाली, "आई, तू मोज, मी बघते." मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

रविवारी सकाळी मी पुढे चालेन. डाव्या हाताचा दोर, मग वळून डाव्या हाताचाच. मुलं हसली तर हसू देत. कोपऱ्यात सरकून मी सगळ्यांना मोजून घेईन आणि मगच शिट्टी वाजवेन.

मी काठाला लागले आहे, भाऊ. आता हाक मारलीत तरी चालेल.